पालथ्या स्कॅनचा माफीनामा

माफीनामा मी चार वेळा टाइप केला. चारही वेळा रजनीताईंनी तो सावकाश वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद परत माझ्या टेबलावर ठेवला. सही नाही. चौथ्या वेळी तर म्हणाल्या, "अनिल, शाई वाया घालवू नको रे. प्रिंटर आधीच खोकायलाय."

मी अनिल. हैदराबादेत हिमायतनगरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये अकरा वर्षं रिपोर्ट टाइप करतो. डॉक्टर दुसरीकडे बसून स्कॅन बघतात आणि बोलून पाठवतात. मी हेडफोन लावून ऐकतो आणि लिहितो. फुप्फुसं, यकृतं, मणके ह्यांचे हजारो रिपोर्ट माझ्या बोटांखालून गेलेत, पण त्यातलं एकही चित्र मी धड पाहिलेलं नाही. जे सांगतील ते लिहायचं, हा माझा धर्म. मालक म्हणाले बसा, बसलो. त्यांचा भाचा योगेश मॅनेजर होऊन आला आणि म्हणाला खुर्ची दाराजवळ घ्या, घेतली. नाही म्हणायची सवयच लागली नाही.

रजनीताईंना 'नाही'शिवाय दुसरं काही म्हणता येत नाही, असं त्यांच्याबद्दल बोलतात. त्या आमच्या सीटी स्कॅनच्या मशीनवर असतात. वय छप्पन्न, उंची बेताची, आवाज खणखणीत. घराणं जुनं हैदराबादचं. आजोबा निजामाच्या अमदानीत महसूल खात्यात, वडील कोर्टात शिरस्तेदार, विद्यानगरला भाड्याचं घर. अशा घरातली मुलगी मास्तरीण तरी व्हायची नाहीतर वकिलाची बायको तरी. ही एक्सरेचा डिप्लोमा करून आली. तेव्हा फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायला लागायची, आणि त्या खोलीत मुलीनं जायचं म्हणजे नातेवाइकांत कुजबुज. ताई आठ-आठ तास त्या खोलीत उभ्या राहिल्या. हाताला औषधांचा आंबूस वास यायचा, आणि त्याच हातांनी घरी भाकऱ्या थापायच्या.

लग्नाचं एकदा बरंच पुढे गेलं होतं. काचीगुड्याचं स्थळ. बघायला आलेल्या मंडळींतले काका म्हणाले, "सगळं पसंत आहे, पण ही किरणांची नोकरी सोडावी लागेल. मूलबाळ व्हायचंय." ताईंनी पोह्यांच्या बश्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "मी भिंतीआड उभी असते, आणि मला किती किरण लागले ते दर तीन महिन्यांनी मोजून येतं. तुमचा मुलगा आत्ता येताना कोपऱ्यावर सिगारेट ओढत होता, तो धूर कोण मोजतं?" स्थळ गेलं. ताईंच्या आईनं चार दिवस अबोला धरला. नंतर मात्र ती म्हातारी दर तिमाहीला न चुकता विचारायची, "आलं का गं तुझं मोजमाप? बरं आहे ना?" ताईंच्या कोटावर अजून तो किरण मोजणारा बॅज असतो.

किरणांच्या बाबतीत त्या महाकडक. कारण नसताना स्कॅन लिहून पाठवला की डॉक्टरला फोन करून विचारणार, "साहेब, मागच्या महिन्यात झालाय ना ह्यांचा? परत कशाला भाजायचं?" एका बड्या घरच्या सुनेला त्यांनी पोटात मूल नाही ना ह्याची खात्री होईपर्यंत टेबलावर चढू दिलं नाही. सोबतचे लोक आरडाओरडा करत होते, ताई चहा पीत होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांच्यावर आरोप आला तो विनाकारण जादा स्कॅन केल्याचा. ऐकून मला हसूच आलं. मग घाम आला, कारण माफीनामा मलाच टाइप करायचा होता.

आणखी एक खोड सांगायला हवी. मशीनमध्ये एक रेकॉर्ड केलेली बाई आहे. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा, असं ती इंग्रजीत आणि पुस्तकी हिंदीत सांगते. ताईंनी ती बाई पहिल्याच आठवड्यात बंद केली. "हिला काय माहीत समोरच्या म्हातारीला किती दम लागलाय?" मशीनवाल्यांचा इंजिनीअर येऊन चालू करून जायचा आणि त्याची गाडी वळली की ताई बंद करायच्या. त्या स्वतः बोलतात, समोरच्याच्या भाषेत. "ऊपिरि पील्चंडि, बिगपट्टंडि." "सांस लेव अम्मी, रोको, छोडो." "श्वास घ्या मावशी, धरा, धरा, हं सोडा." माणूस बोलला की माणूस उलट बोलतो, असं त्यांचं म्हणणं. टेबलावर झोपलेली माणसं ताईंना काहीबाही सांगतात. डॉक्टरांना सांगायचं राहिलेलं, घरच्यांनी हसण्यावारी नेलेलं, सगळं.

त्या मंगळवारी सकाळी बेगम बाजारहून भामाबाई आल्या. साठीच्या पुढच्या, अंगानं काटक, पदरात तोंड धरून खोकणाऱ्या. बरोबर मुलगा गौतम. घरचा हळद-मिरचीचा घाऊक धंदा. मूळचे बिदरकडचे शेतकरी, आजोबांच्या वेळेस शहरात आलेले. भामाबाईंच्या थुंकीतून दोन महिने रक्त पडत होतं. एक्सरेत डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कॅन्सरची शंका घेतली होती, आणि गुरुवारी सुई घालून तुकडा काढायचं ठरलं होतं. त्याआधी छातीचा सीटी हवा होता. बेगम बाजारच्या आसपास मशिनी कमी आहेत का? पण ही मंडळी हिमायतनगरला आली, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. गौतमच्या मुलीचं, तेजश्रीचं, लग्न ठरत होतं. हैदराबादेत आपली मराठी घरं मोजकी. इकडे शिंकलं की तिकडे रुमाल निघतो.

आणि आत गेल्यावर ताई म्हणाल्या, "या मावशी, चप्पल इथं काढा." मराठी ऐकून गौतमचा चेहरा उतरला. मी दाराजवळच्या खुर्चीतून पाहिला. त्यानं फॉर्म भरून दिला होता. त्यात 'पूर्वीचे आजार' ह्या रकान्यात ठसठशीत 'नाही' लिहिलेलं होतं.

आत काय झालं ते मला चार दिवसांनी कळलं. आत्ताच सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

भामाबाई उताण्या झोपल्या, हात डोक्यावर, स्कॅन झाला. ताई उठवायला गेल्या तेव्हा त्या कुशीवर वळल्या आणि खोकल्याची उबळ आली. ताईंनी पाठीवर हात ठेवला. भामाबाई म्हणाल्या, "असंच होतंय बघा बाई. डाव्या अंगावर वळलं की आत कायतरी घरंगळायलंय. घरी सांगितलं तर पोरं हसायलीत. म्हणतात, आज्जी, तुझ्या छातीत गोटी हाय का?"

ताई हसल्या नाहीत. त्या स्क्रीनकडे परत गेल्या. डाव्या फुप्फुसात वरती एक पोकळी होती आणि ती जवळजवळ भरून टाकणारा एक गोळा. गोळ्याच्या वरच्या कडेला हवेची बारीक चंद्रकोर. अशी गाठ कॅन्सरची असू शकते, आतून सडलेली. दुसरंही काही असू शकतं. जुन्या टी.बी.नं फुप्फुसात पडलेल्या भोकात बुरशी शिरते, वाढते आणि तिचा गोळा होतो. दोन्ही गोळे उताण्या माणसात सारखेच दिसू शकतात. फरक एवढाच, की कॅन्सरची गाठ भिंतीला धरून बसते, आणि बुरशीचा गोळा बहुतेकदा मोकळा असतो. माणूस पालथा केला की तो पोकळीत खाली येतो. म्हणजे पालथं झोपवून परत बघायचं. पण त्याला डॉक्टरचा आदेश लागतो, आणि आदेश मागायला कारण लागतं. फॉर्मवर तर 'नाही' लिहिलेलं.

ताई परत आत गेल्या. "मावशी, कधी टी.बी. झालेला का तुम्हाला?"

भामाबाईंनी काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे गौतम उभा होता. "त्याला ऐकू जातं का इथलं?"

"नाही. माइक बंद केलाय मी."

"झाल्ता. तीस वर्षं झाली, हा गौतम शाळेत होता तेव्हा. सहा महिने वरच्या खोलीत होते. सासूबाई लोकांना सांगायच्या, भामा माहेरी गेलीय. गोळ्या हिंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचो, म्हणजे मोलकरणीलाही कळू नये. गौतमलासुद्धा मागच्या वर्षी कळलं, त्याचे वडील जाताना बोलले म्हणून. कुणाला सांगू नका बाई. पोरीचं लग्न हाय."

"नाही सांगणार," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी डॉ. भाग्यलक्ष्मींना फोन लावला. ह्या आमच्या रेडिओलॉजिस्ट. चार सेंटरचे स्कॅन एकट्या बघतात. बाई हुशार आणि भली, पण दिवसाला शंभराच्या आसपास स्कॅन, जेवायला फुरसत नाही. तीनदा लावला, उचलला नाही. टेबलावर भामाबाई, बाहेर सहा पेशंट, आणि गुरुवारी सुई. रक्त सुटणाऱ्या बुरशीच्या गोळ्यात सुई घातली तर रक्त थांबवणं कठीण जाऊ शकतं, हे ताईंना तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं होतं. एकदा घरी गेलेली बाई परत बोलावली तर गौतम आणणार नव्हता.

"मावशी, पालथ्या झोपा," ताई म्हणाल्या.

फक्त वरचा भाग, कमीत कमी किरणांत, काही सेकंद. श्वास घ्या, धरा, सोडा. आणि गोळा सरकला. उताणं असताना पाठीकडे टेकलेला होता, तो आता छातीकडे येऊन पडला होता, आणि चंद्रकोर पाठीमागे गेली होती. भामाबाईंच्या छातीत खरंच गोटी होती. दोन महिने बाई खरं सांगत होती आणि अख्खं घर हसत होतं.

दुपारी भामाबाईंचा रिपोर्ट माझ्या कानात आला. डाव्या वरच्या खंडात पोकळी पडलेली गाठ, कॅन्सरची दाट शक्यता, सुईनं तपासणी करावी. मी लिहिलं. बोटं थांबलीसुद्धा नाहीत, लाज वाटते सांगायला. प्रिंटचं बटण दाबणार इतक्यात ताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पालथ्या स्कॅनचा उल्लेख कुठाय?"

"बोलल्या नाहीत मॅडम."

"प्रिंट काढू नको."

"ताई, पार्टी बाहेर बसलीय. योगेश सर..."

"अनिल, हात काढ त्या माउसवरनं."

काढला. ताईंनी माझ्याच टेबलावरून फोन लावला. ह्या वेळी उचलला. बोलणं तेलुगूत झालं, मी खेटूनच बसलेलो, दोन्हीकडचं ऐकू येत होतं आणि पुरतं समजत होतं. डॉक्टर म्हणाल्या, "रजनीगारू, सकाळी मी प्रोसीजरमध्ये होते. काय झालं?" ताई म्हणाल्या, "मॅडम, त्या बाईंची शेवटची सिरीज उघडा. पालथी." डॉक्टर वैतागून म्हणाल्या, "पालथी कुणी सांगितली? टी.बी.ची हिस्टरी नाही, काही नाही. का केलीत?" ताई एवढंच म्हणाल्या, "का ते सांगता येणार नाही. गोळा बघा." मग फोनमधून माउसची टिकटिक ऐकू आली. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "अय्यो," आणि मग, "टायपिस्टला सांगा, आधीचं पुसा."

नव्या रिपोर्टात पोकळीतला हलणारा गोळा आला, बुरशीची शक्यता पहिली आली, तिचं नाव अ‍ॅस्परजिलस असं आलं. रक्ताची तपासणी करून खात्री करावी, पूर्वी टी.बी. झाला होता का ते विचारावं, आणि रक्तस्रावाचा धोका असल्यानं सुई तूर्त टाळावी. शेवटचं वाक्य मी ठळक केलं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारची सुई रद्द झाली. गोष्ट इथं संपायला हवी होती, पण गौतम बुधवारी सकाळी रिपोर्ट हातात नाचवत आला.

"टी.बी. कुठनं आला ह्याच्यात? कुणी बोललं तुम्हाला? आणि न विचारता दुसऱ्यांदा कायकू घातलं मशीनमध्ये माझ्या आईला? हे कागद मुलाकडच्यांच्या हातात पडले तर?"

त्यानं लेखी तक्रार दिली. योगेशनं ती वाचली आणि त्याला घाम फुटला. योगेश तिशीतला, मराठी घरातला, पण बाहेर शिकून आलेला. मराठी बोलतो, अक्षरं मात्र एकेक लावत बसतो. त्यानं मशीनची नोंद काढली. जादा स्कॅन, आदेश नाही. नियमाप्रमाणे तो बरोबर होता, हे मान्य करायलाच हवं. कुणीही टेक्निशियन मनाला येईल तसे किरण देत सुटला तर काय होईल? पण योगेशला किरणांची फिकीर नव्हती. त्याला तक्रार मिटवायची होती.

"ताई, सीधं एक सॉरी लिहून टाका. पार्टी खूश, मामा खूश. कायकू बात वाढवायलात?"

"स्कॅन चुकीचा होता का?"

"ते मला काय माहीत? ऑर्डर नव्हती ना. का केला तेवढं तरी सांगा. काही रीझन असेल तर मी सांभाळून घेतो."

"सांगणार नाही."

इथं मला ताईंचा राग आला होता, खरं सांगतो. एक वाक्य. बाईला टी.बी. झाला होता, तिनंच सांगितलं, म्हणून केला. एवढं बोलल्या असत्या तर गौतमचं तोंडच बंद झालं असतं. पण तेव्हा मला ते वाक्य माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी शब्द दिला होता. शनिवारी बारापर्यंत सही झाली नाही तर सोमवारपासून मशीनवर बसायचं नाही, असं योगेशनं बजावलं. छप्पन्नाव्या वर्षी दुसरं मशीन कुठं शोधणार? घरी त्या एकट्या, आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. हे मशीन हेच त्यांचं घरदार. त्यांना ते माहीत होतं, आणि तरी त्या डब्यातली अंबाडीची भाजी माझ्या पोळीवर वाढत म्हणाल्या, "खा. असं तोंड करून बसू नको, मी मेलेली नाही."

मसुदे योगेश इंग्रजीत सांगायचा. पहिल्या मसुद्यात 'माझी गंभीर चूक झाली' होतं. दुसऱ्यात योगेशनं 'गंभीर' काढलं. तिसऱ्यात 'गैरसमजातून' घातलं. शुक्रवारी संध्याकाळी चौथा आला तो डॉ. भाग्यलक्ष्मींच्या सांगण्यावरून. बाईंना वाईट वाटत होतं. भामाबाईंच्या रक्ताची तपासणी त्याच दिवशी आली होती आणि बुरशीच निघाली होती. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "रजनीगारू, मी फोनवर परवानगी दिली होती असं लिहा. मी हो म्हणेन. विषय संपला."

मला वाटलं, सुटलो. मी हौसेनं टाइप केलं, कागद नेऊन दिला. ताईंनी वाचला आणि डॉक्टरांना परत फोन लावला.

"पण तुम्ही फोन उचलला नव्हता, मॅडम," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

"मला माहीत आहे. मी तुमच्यासाठीच म्हणते आहे."

"मी सबंध आयुष्य दिसलं तेवढंच दाखवत आले. आता न झालेला फोन कुठनं दाखवू?"

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद परत माझ्या टेबलावर आला. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोवर उगाच खेकसलो.

शनिवारी साडेअकराला हॉल भरलेला होता. ताई आत पेशंट घेत होत्या. योगेश घड्याळ बघत माझ्या टेबलाशी उभा होता. रिक्षातून भामाबाई उतरल्या, एकट्या, पदर खोचून. मागोमाग स्कूटरवरून गौतम, हेल्मेट तसंच डोक्यावर.

"आई, घरी चल. तमाशा नक्को."

भामाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "माझा मंगळवारचा फॉर्म दे गं." मुलगी गोंधळली, तिनं योगेशकडे पाहिलं. योगेशनं मान हलवली. फॉर्म आला. भामाबाईंनी पेन मागितलं, मुलानं लिहिलेल्या 'नाही'वर काट मारली आणि हळूहळू, पाटीवर लिहावं तसं मोठं लिहिलं, 'टी.बी. होता. सहा महिने औषध घेतलं. बरा झाला.' खाली सही केली. मग मागे वळल्या. हॉलमध्ये दोन-तीन मराठी माणसं होती, त्यातली एक बाई ओळखीची असावी, कारण ती लगेच मोबाइलमध्ये बघायला लागली.

"मीच सांगितलं त्या बाईंना," भामाबाई मोठ्यानं म्हणाल्या. धाप लागली होती, पण थांबल्या नाहीत. "आत, टेबलावर. कुणाला सांगू नका म्हणाले, तर त्यांनी नाही सांगितलं. चार दिवस झाले, सवताच्या नोकरीसाठी पण नाही सांगितलं. काल गौतम घरात मोठ्या ऐटीत सांगायलाय, त्या बाईला माफी मागायला लावलंय, तरी कारण सांगेना म्हणे. माझ्या घशाखाली घास उतरला नाही. माझ्या छातीत काय हाय हे तुम्हा सगळ्यांत तिलाच खरं वाटलं."

"आई, तेजूचं लग्न..." गौतम हळूच म्हणाला.

"तेजूनंच रिक्षा बोलावून दिली मला. म्हणाली, आज्जीच्या जुन्या टी.बी.ला जे भितात त्यांच्या घरी मी काय स्वयंपाक करू? तीस वर्षं हिंगाच्या डब्यात तोंड लपवलं मी, गौतम. तुझा नातू होईपर्यंत लपवू का?"

गौतमनं हेल्मेट काढलं. आईला खुर्चीवर बसवलं, पाणी आणून दिलं. तक्रार मागे घेतो, असं योगेशला म्हणाला, पण तोंड जमिनीकडे करून.

योगेश खूश झाला. त्याला वाटलं, बला टळली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मेल वाचून तो कडवटपणे म्हणाला, "भाग्यलक्ष्मी मॅडमनं पण लिहून पाठवलंय. फोन तीनदा आला, मी उचलू शकले नाही, स्कॅन आवश्यक होता. आणि सोमवारी रजनी मशीनवर नसतील तर स्कॅन वाचायला दुसरं कुणी बघा." मग आवाज उतरवून मला म्हणाला, "तरी फाइलसाठी एक सॉरी पाहिजे. मामाला दाखवायला. ताईंना बोलवा."

ताई बाहेर आल्या. भामाबाईंना पाहिलं, त्यांच्या हातातला फॉर्म पाहिला. खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले, दोघींनीही, आपापल्या पदरानं. मग माझ्या टेबलाशी आल्या. "अनिल, मी सांगते ते टाइप कर. आज मराठीत." उभ्या उभ्या सांगितलं, प्रिंट निघाली, सही केली आणि पुढच्या पेशंटला हाक मारून आत निघून गेल्या.

योगेशनं कागद घेतला, दोन ओळींवर बोट फिरवलं आणि परत माझ्याकडे दिला. "हे मराठी किती वेळ लावू मी? वाचा तुम्ही."

"इथंच?"

"वाचा ना."

मी उभा राहिलो. अकरा वर्षांत मी त्या हॉलमध्ये मोठ्यानं काही बोललो नव्हतो. घसा खाकरला आणि वाचलं.

"मंगळवारी भामाबाईंचा पालथा स्कॅन मी डॉक्टरांच्या आदेशाशिवाय केला. त्याआधी तीन वेळा फोन केला होता, तो उचलला गेला नाही. त्यांना जादा किरण लागले, ती जबाबदारी माझी आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही. पेशंट मला म्हणाल्या, आत काहीतरी घरंगळतंय. मी ते खरं मानलं. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा आधी फोन करीन. तो उचलला गेला नाही तर पुन्हा पालथं झोपवीन. सेंटरला हे चालणार नसेल तर सेंटरनं मला काढावं. मी राजीनामा देणार नाही. रजनी, सीटी टेक्निशियन."

भामाबाई मान डोलवत होत्या. आतून दाराच्या फटीतून ताईंचा आवाज येत होता, सांस लेव अम्मी, रोको.

योगेशच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अनिलभाऊ, ह्याच्यात सॉरी कुठं आहे?"

"नाही," मी म्हणालो.

"मग घाला की एक ओळ. सही तर झालीच आहे. वरती जागा आहे ना?"

जागा होती. चांगली तीन बोटं रिकामी होती. एक ओळ आरामात बसली असती, आणि आजवर सांगितलेली प्रत्येक ओळ मी घातलेली होती.

"नाही," मी परत म्हणालो, आणि कागद फाइलला लावला.